बोक्यासाठी रांधणाऱ्या भोयर बाई

भोयर बाई गेल्याचं मला गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोन करून कळवलं. "मॅडम, बाई गेल्या. काल सकाळी. बोका माझ्याकडे आहे," एवढंच ते बोलले. मी तेव्हा आंजीच्या शाळेत पाचवीचे पेपर तपासत होते. फोन ठेवला आणि उरलेले पेपर तपासून टाकले. एका पोरीनं 'आशीर्वाद' बरोबर लिहिला होता. तिला मी त्याचा जादा अर्धा गुण दिला. बाईंनी दिला नसता.

समुद्रपूरला माझी बदली झाली तेव्हा कोणीतरी त्यांचं घर सुचवलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई, नवरा लवकर वारलेला, एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. मी गेले तेव्हा त्या अंगणात खाटेवर बसून डाळ निवडत होत्या. बारीक अंगकाठी, पांढरं पातळ, नाकावर खाली आलेला चष्मा.

"नाव?"

"संध्या गजभिये."

त्यांनी वर पाहिलं. आमच्याकडे आडनावावरून माणसाला बरंच काही कळतं. घर पाहायला गेलं की आडनाव सांगून झाल्यावर थोडं थांबायची मला सवय आहे. मी थांबले.

"मटण-मच्छी खाता का?"

"खातो."

"माह्या घरात शिजवता नाई येणार. बाहेर खाऊन या, मले काई म्हणायचं नाई. अंडंबी नाई. आमचा महानुभाव पंथ हाय, उपदेश घेतला हाय मी." मग डाळीतला एक खडा फेकून म्हणाल्या, "तुमच्या जातीचं मले काई नाई. अन् माह्या नियमाचं तुमाले काई नसावं. पटते का?"

इतकं सरळ कोणी बोलत नाही. इतर ठिकाणी 'खोली कालच गेली' असंच ऐकायला मिळतं. मी हो म्हणाले आणि पुढची चार वर्षं तिथे राहिले.

कोणत्याही गोष्टीला त्या लगेच हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. "पाहू मंग," म्हणत. गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवू का? पाहू मंग. शाळेतल्या कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून येता का? पाहू मंग. तीन दिवस गेले की चौथ्या दिवशी निर्णय सांगत, आणि तो नंतर बदलत नसे. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने तारीख. तिखट कधी भरलं, लोणचं कधी घातलं, खोकल्याच्या औषधाचं झाकण कधी उघडलं, सगळं लिहिलेलं. पेन कायम हाताशी असे, आणि ते फक्त डब्यांवर चालत नसे. पिठाच्या गिरणीवर 'दळन' लिहिलं होतं. बाईंनी एका सकाळी जाऊन त्या 'न'चा 'ण' करून घेतला. गिरणीवाला त्यांच्या हाताखाली शिकलेला. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालचे होते. बस स्टँडवर उभे असलेले पन्नाशीचे गृहस्थ बाई दिसल्या की तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून येत.

त्यांचा मुलगा निखिल दिवाळीला आला की चार दिवस घरात आवाज असे. उंच, जरा वाकून चालणारा मुलगा. फोनवर मात्र रोज संध्याकाळी सात वाजता. पुण्यात त्याने एक बोका पाळला होता, भगव्या रंगाचा. नाव ठेवलं तर्री, कारण त्याला आपल्याकडचे तर्री-पोहे तिकडे मिळत नव्हते आणि बोक्याचा रंग अगदी तसा होता. फोनवर बोका दाखवला तेव्हा मी तिथेच होते.

"बोक्याचं नाव तर्री?" बाई म्हणाल्या. "तर्री स्त्रीलिंगी. व्याकरण नाई, काई नाई."

"आई, त्याले कुठं कळते व्याकरण!"

"तुले कळते ना. तुले मी शिकवलं हाय."

तो हसला. त्या हसल्या नाहीत, पण फोन ठेवल्यावर दोनदा पुटपुटल्या, "तर्री. तो तर्री."

निखिलचा अपघात पुण्याबाहेरच्या हायवेवर झाला. रविवारी दुपारी. मोटारसायकलवर एकटा होता. फोन आला तेव्हा बाई न्हाणीत कपडे धूत होत्या, फोन मी घेतला, आणि सांगावंही मलाच लागलं. त्यांनी ऐकलं. हातातला टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग दुसरा कपडा घेतला. बादलीतले सगळे कपडे वाळत घालून झाल्यावर विचारलं, "कोणती गाडी हाय नागपूरहून?"

भाऊ आणि पुतणे त्यांना घेऊन गेले, सगळं उरकून आणलं. पंथाप्रमाणे जे करायचं ते झालं. लोक येऊन बसत, उठून जात. बाई कोणाजवळ रडल्या नाहीत. काही बायका मला जिन्यात गाठून विचारत, "रडल्या का?" जणू ते काम माझ्याकडे सोपवलेलं होतं.

महिन्याभराने पुण्याहून पोस्टाने मृत्यूचा दाखला आला. बाईंनी चष्मा पुसून तो वाचला. मग पेन काढलं आणि नावाला गोल केलं. 'निखील' असं लिहिलेलं होतं.

"खि ऱ्हस्व हाय," त्या म्हणाल्या.

"बाई, चालते तसं. कामाला अडत नाई."

"मले चालत नाई."

दाखला परत पाठवला. सोबत स्वच्छ अक्षरात अर्ज, मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत. दीड महिन्याने दुरुस्त दाखला आला. तो त्यांनी कपाटात ठेवला आणि पाठीमागे, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तारीख टाकली. उघडलेल्या औषधाच्या बाटलीवर टाकत तशीच. मी पाहत होते. मला काहीतरी वाटायला हवं होतं. तेव्हा नुसतं एवढंच वाटलं की अक्षर हललेलं नाही.

त्याच सुमारास निखिलचा खोलीतला सोबती बोका घेऊन आला. जाळीच्या टोपलीत बसवून, नागपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने. बिचारा मुलगा दमलेला होता. टोपली, स्टीलची वाटी, खाण्याचं एक मोठं पाकीट आणि प्लॅस्टिकचा एक पेला असं सगळं त्याने ओट्यावर मांडलं.

"आई, हा फक्त हेच खातो. निखिल दुसरं काही देत नव्हता. सकाळ-संध्याकाळ या पेल्यातल्या रेघेपर्यंत. रेघ निखिलनेच मारली आहे."

पेल्यावर निळी रेघ होती, जरा तिरकी. बाई रेघेकडे पाहत राहिल्या. मग टोपलीचं दार उघडलं. बोका बाहेर आला, सगळ्यांच्या पायांचा वास घेतला आणि खाटेखाली जाऊन बसला.

त्या दिवसापासून बाईंची दोन कामं वाढली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. पेला पाकिटात बुडवायचा, वर आलेले दाणे बोटाने सपाट करायचे, रेघ जुळली की वाटीत ओतायचं. बोका कुरकुर आवाज करत खाई. संपेपर्यंत बाई समोर बसत. त्या आधी कधी मांजराला शिवल्याही नव्हत्या. नाव घेत नसत. 'तो' म्हणत.

पाकीट तळाला आलं तेव्हा नवं आणायचा प्रश्न आला. समुद्रपुरात ते मिळत नव्हतं. दुकानात सांगायला नेमकं नाव हवं म्हणून बाईंनी रिकामं होत आलेलं पाकीट उन्हात नेलं आणि भिंग लावून मागचं बारीक इंग्रजी वाचायला बसल्या. मी शाळेतून आले तेव्हा त्या न्हाणीत होत्या. साबण लावून हात धूत होत्या. धुवून झाले, पुन्हा लावला.

"काय झालं बाई?"

"कोंबडी हाय त्याच्यात. अन् मच्छी. वाळवून पीठ केलेलं." हात निथळत तशाच उभ्या राहिल्या. "दोन महिने झाले, मी ह्याच हातानं काढून राह्यली. त्याच बोटानं पोथीचं पान उलटवून राह्यली."

मी म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्याचा काय दोष.

"मांजर काय खाते हे मले माहीत नव्हतं? तिसरीच्या पुस्तकात शिकवलं हाय मी. दाणे दिसले म्हून मी दाणे समजली. समजून घ्यायचं नव्हतं म्हून."

चौथ्या दिवशी निर्णय झाला. पाकीट बंद. बोका घरचं खाईल, आणि घरचं म्हणजे घरात जे शिजतं ते. बाईंनी शाळेचं एक कोरं हजेरीपत्रक काढलं. त्यात मुलांच्या नावांच्या जागी पदार्थ लिहिले. दूध-पोळी. दहीभात. तूप घालून मऊ खिचडी. पनीर. वरणाचं पाणी. रोज एक पदार्थ, खाल्ला तर हजर, नाही तर गैरहजर.

पहिल्या दिवशी बोक्याने दूध-पोळीतलं दूध चाटलं. बाईंनी हजर-गैरहजरच्या मध्ये एक टिंब दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी तो वाटीजवळ आला, वास घेतला आणि जणू काही पुरायचं असावं तसं वाटीभोवतीची फरशी पंजाने खरवडू लागला. पनीरचे दोन तुकडे खाल्ले, ओकून टाकले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "भुकेला झाला का खाईन झक मारून. लाड करू नका." बाईंना ते पटलं असावं. वर्गातही त्या डबा न खाणाऱ्या पोरांपुढे हटत नसत.

आठवड्यात त्याच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला. केस गळून खाटेखाली भगवे पुंजके जमले. दोन दिवस त्याने पाण्याखेरीज काहीच घेतलं नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून बसून राही. आश्चर्य असं की बाईही त्या दोन दिवसांत जेवल्या नव्हत्या. मला ते नंतर, त्यांच्या पोळ्यांचा डबा तसाच भरलेला पाहून कळलं. मी म्हणाले, "बाई, तो मरन."

पहिल्यांदाच त्या 'पाहू मंग' म्हणाल्या नाहीत. पिशवी घेतली आणि दुपारच्या बसने हिंगणघाटला गेल्या. चार दुकानं फिरून तेच पाकीट घेऊन साडेपाचला परत आल्या. उभ्याउभ्याच कापलं. बोका खात असताना पेल्यावरच्या रेघेवरून अंगठा फिरवत होत्या. "निखिलनं ठरवलं होतं तेच बरोबर," त्या म्हणाल्या. हजेरीपत्रक मिटलं. हातात एक जुना मोजा घालून त्या दाणे काढू लागल्या, म्हणजे बोटं लागणार नाहीत. पोथीही सुरू राहिली. मला वाटलं, यावर तोडगा निघाला.

पुढचं वर्ष तसंच गेलं. त्या वर्षाचं मला फारसं आठवत नाही. मी शाळेत जाई, येई. माझंही तेव्हा घरच्यांशी काही बरं नव्हतं, आणि त्याबद्दल बाईंनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी मी खाली जाऊन बसे. बोका मधोमध. आम्ही दोघी गरज असेल तेवढंच बोलत असू. बाहेरून पाहणाऱ्याला ते घर फार शांत वाटलं असेल.

मे महिन्यात, आमच्याकडे ऊन असं असतं की दुपारी दाराची कडी हाताला चटका देते, त्या दिवसांत बोका मोरीत जाऊन बसू लागला. बसायचा, कण्हायचा, उठायचा, परत बसायचा. बाईंना वाटलं गारव्याला बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओरडला. मांजराचा तसा आवाज मी ऐकलेला नव्हता. मी वरून धावत आले तर बाई मोरीत त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या होत्या.

"लघवी होऊन नाई राह्यली त्याले," त्या म्हणाल्या. "थेंबबी नाई."

टोपलीत घालून आम्ही गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, दिवसभर गाई-बैलांत असणारे. पोट दाबून पाहिलं आणि चेहरा गंभीर झाला. "तुंबली आहे. शिकत असताना हे मी दोनदा केलंय, बाई. इथं साधनं कमी आहेत. पण वर्ध्याला नेईपर्यंत वेळ नाही."

"करा," बाई म्हणाल्या.

त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं. मी मागचे पाय धरले, बाईंनी डोकं. नळी जायला फार वेळ लागला. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडत होता. शेवटी लालसर लघवी ट्रेमध्ये आली. बाईंचा हात बोक्याच्या दोन्ही कानांच्या मधोमध होता. नळी काढून झाल्यावरही तो त्यांनी उचलला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तो पाणी कमी पितो, नुसतं सुकं खातो, त्यात हा उन्हाळा. बोक्यांना हे होतं. एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. पोटात पाणी जाईल असं खायला द्या.

"पाकिटात ओलं मिळते म्हणतात," मी म्हणाले.

"मिळतं, पण इथं रोज कोण आणणार? घरी उकडून द्या. कोंबडी, बिनहाडाची, उकडलेल्या पाण्यासकट. मीठ नको, हळद नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, विषारी असतं त्याला. आठवड्यातून एकदा जराशी कलेजी. पण नुसतं घरचंही देऊ नका. सगळी सत्त्वं त्यात येत नाहीत. एक वेळ पाकिटातलं, पाण्यात भिजवून. एक वेळ घरचं." मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. तेही बाईंना ओळखत होतेच. "बाई, तुमच्याकडे चालत नसेल तर…"

"पाहू मंग," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी सांगितलं की तुमची हरकत नसेल तर मी वर शिजवून आणून देत जाईन, नाहीतर ओळखीच्या घरून करून आणीन, तुम्ही हात लावू नका. त्यांनी ऐकून घेतलं. या वेळी त्यांना तीन दिवस लागले नाहीत. संध्याकाळीच मला खालून हाक आली. त्या ओट्यावर रॉकेलचा जुना स्टोव्ह पुसत होत्या.

"संध्या, कोंबडी कशी शिजवतं तू?"

एवढ्या वर्षांत त्या मला 'गजभिये मॅडम' म्हणत आल्या होत्या.

"मी करून देतो म्हटलं ना, बाई."

"तू केलं तर पाप तुह्या चुलीवर अन् मांजर माह्या घरात. असं नाई होत. मीच करीन. मले फक्त सांग, शिजली हे कसं कळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बस स्टँडमागच्या कोंबडीच्या दुकानात गेलो. मालक त्यांच्या हाताखालचाच निघाला. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला, हात मागे लपवले. रक्ताचे होते ना.

"बाई, तुमी? कोणाले शोधून राह्यले?"

"पावभर दे. बिनहाडाचं."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली नाही.

"तिच्याकडं नको पाहू. मले पायजे. मांजरासाठी." मग त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे पाहिलं. "अन् 'चिकण' नाई, 'चिकन'. बाहेरचा शब्द हाय, म्हून काई बी लिहायचं नसते."

तो खुदकन हसला आणि त्या क्षणापुरतं सगळं सोपं झालं. बाईंनी मात्र तो कापत असताना डोळे मिटून घेतले नाहीत. सुरी खाली येताना पूर्ण पाहिली.

स्टोव्ह त्यांनी घराबाहेर, मागच्या अंगणात, तुळशीपासून दूर ठेवला. वेगळं पातेलं, वेगळी सुरी. पाण्याला उकळी आली, वास सुटला, तेव्हा त्या पदर नाकाला लावून तिथेच बसल्या. उठून गेल्या नाहीत. मी तुकडा काढून कसा दाबून पाहायचा ते दाखवलं. त्यांनी गार झाल्यावर तो बोटांनी, मोजा न घालता, बारीक बारीक तोडला, वरून पाणी घातलं. बोका पायांत घोटाळत होता. वाटी खाली ठेवली आणि तो असा खाऊ लागला की वाटी फरशीवर सरकत भिंतीला जाऊन लागली.

बाई पाहत होत्या. मग सहज, बाजारात काय भाव आहे असं सांगावं तशा म्हणाल्या, "निखिल खात होता. पुण्याले गेल्यावर नाई, वर्ध्याले कॉलेजात होता तवापासून. मले सांगत नव्हता."

"तुमाले कसं माहीत?"

"कपड्याले वास येते ना. मी धुवत होती कपडे." सुरी पुसत म्हणाल्या, "दिवाळीले आला का चार दिवस वरण-भात खाऊन राहे. एका अक्षरानं कधी बोलला नाई. मीबी नाई. पोराले त्याच्या आवडीचं कधी रांधून देलं नाई मी. अन् ह्याले देऊन राह्यली."

स्टोव्ह अजून फरफरत होता, तो मी विझवला.

त्या दिवशी त्यांनी पोथी कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पंथातल्या एक बाई दर गुरुवारी नामस्मरणाला बोलवायला येत. त्या चार दिवसांनी आल्या. गावात बातमी पोचलेली होती. दारातूनच म्हणाल्या, "भोयर बाई, हे बरं नाई केलं. जीव वाचवायचा म्हून जीव मारायचा का?"

"तेच मीबी इचारून राह्यली सोताले," बाई म्हणाल्या. "उत्तर नाई सापडलं. उत्तर सापडेपर्यंत तो उपाशी नाई राहत."

"आंघोळ करून येत जा. कोणी काई म्हणणार नाई."

"कोणी नाई म्हणन. मी म्हणतो ना. दंडवत."

पंथातला हा निरोपाचा नमस्कार घेऊन त्या बाई गेल्या. पुन्हाही येत राहिल्या, वाईट नव्हत्या. पण आमच्या बाई नामस्मरणाला परत गेल्या नाहीत. चाळीस वर्षांचं वाचन सुटलं. सकाळी जो वेळ पोथीचा होता त्या वेळेत त्या खाटेवर नुसत्या बसून असत, हात मांडीवर उपडे ठेवून. मला ते पाहवेना. एके दिवशी म्हणाले, "बाई, मी वाचून दाखवू का? तुम्ही ऐका. पण मी तर खाणारी."

त्यांनी बराच विचार केला. "तुले मनाई कुठं हाय? मनाई मले होती, मी मोडली. तू काई मोडलं नाई. वाच."

मग रोज सकाळी शाळेआधी वीस मिनिटं मी वाचू लागले. जुनी मराठी, माझी जीभ अडखळे. बाई डोळे मिटून ऐकत आणि उच्चार चुकला की बोट वर करत. बोका त्यांच्या मांडीवर. आमच्या घरी हे कळलं तेव्हा माझे वडील हसले. म्हणाले, "तिकडं आपली बुद्धवंदना म्हणतं का पोथी वाचतं?" मी म्हणाले, दोन्ही.

तर्री नीट राहिला. सकाळी भिजवलेलं पाकीट, संध्याकाळी घरचं. ते दुखणं पुन्हा उलटलं नाही. अंगावर केस दाट आले, गालफडं भरली. बाईंनी फक्त एकदा, उन्हात बसल्या असताना, त्याला नावाने हाक मारलेली मी ऐकली. त्यांना वाटलं होतं, मी वर आहे.

मग माझी आंजीला बदली झाली. जाताना बाईंनी माझ्या सामानाच्या खोक्यांवर आत काय आहे ते लिहून दिलं. 'पुस्तके.' 'भांडी.' 'किरकोळ.' त्यापलीकडे निरोपाचं काही झालं नाही. पोथी कोण वाचणार असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मले पाठ हाय तशी. आठवत जाईन."

शेवटची भेट वर्ध्याला, दवाखान्यात. मी आईला घेऊन गेले होते. डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या बाकावर सात-आठ म्हाताऱ्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांत बाई होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एका डोळ्यावर खूण केलेली, हातात कार्ड. फार वाळल्या होत्या. पुतण्या औषधं आणायला गेला होता. मी समोर जाऊन उभी राहिले तर थोडा वेळ ओळखलं नाही.

"बाई, संध्या."

"हो, हो. बस." त्यांनी बाजूला सरकून जागा केली. "दोन दिवस त्याले डॉक्टरकडं ठेवलं. खाईन ना तठी?"

"खाईन. डॉक्टर ओळखीचे आहेत त्याच्या."

"उकडलेलं पाणी गार करून घालजो म्हटलं त्याइले. इसरतात लोक."

आतून नर्स एकेक नंबर पुकारत होती. बाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या, किंवा पाहत नसतील, दिसत कमीच होतं.

"संध्या, मले निखिलचा आवाज आठवून नाई राह्यला," त्या म्हणाल्या. "चेहरा आठवते. अक्षर आठवते. आवाज गेला. सात वाजता मांजर वाटीपाशी येऊन ओरडते ना, तवा वाटते आता तो बोलन. मी आयकत राह्यतो. मांजराचाच येते."

मी त्यांचा हात धरला. चार वर्षांत मी तो कधी धरला नव्हता. हलका होता, गार, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

"किती दिवस झाले, बाई?"

"दिवाळीपासून. कोणाले सांगतलं नाई."

त्यांचा नंबर पुकारला. पुतण्या अजून आला नव्हता. मी उठून आधार द्यायला गेले तर म्हणाल्या, "दार दिसते मले." चपला काढल्या आणि पायानेच बाकाखाली सरकवल्या. पातळाचा पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला. मग भिंतीला एक हात लावून, घाई न करता, त्या उजेडाच्या दिशेने चालत गेल्या. दाराशी नर्सने त्यांचं नाव विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. नर्स लिहू लागली, तेव्हा त्या थांबल्या, तिच्या कागदावर वाकल्या आणि दिसत नसतानाही तिचं लिहून होईपर्यंत पाहत राहिल्या.